विषय: नवरी पलीकडे पोचली किंवा कसे

१० मे १९८६, दुसरा शनिवार. सकाळपासून कूलरला नवा वाळा बसवायचं काम काढलं होतं. जुना सडून काळा पडला होता. तो काढला, जाळ्या घासल्या, टाकीतला गाळ उपसला आणि नवा वाळा विंचरून सारखा भरत बसले. हे काम घाईनं करून चालत नाही. कुठं पातळ राहिला की तिथूनच गरम झळ आत येते. हात गुंतलेले, त्यामुळे रेडिओ बंद करायला उठता आलं नाही आणि दुपारचा बायकांचा कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला. निवेदिका म्हणाली, "लेखन, इंदू बोंदरे."

शेजारची नवी सून जाळीचं दुसरं टोक धरून उभी होती. तिनं विचारलं, "काकू, हे लेखक लोक लहानपणापासूनच लेखक असतात का हो?"

मला हसू आलं. म्हटलं, "ही इंदू तर इतवारीच्या बाजारात तांब्याच्या गुंडांवर नावं ठोकायची."

मग जाळी बसेपर्यंत तिला सगळं सांगितलं. सांगताना लक्षात आलं, की हे लिहून ठेवायला हवं. मी काही लिहिणारी नाही. एका सरकारी कचेरीत मुख्य लिपिक आहे आणि आयुष्यभर 'सादर', 'मान्य' आणि 'विलंबाबद्दल खुलासा करावा' एवढंच लिहीत आले. खात्याचं नाव सांगत नाही, कारण या हकिगतीतली काही मंडळी अजून नोकरीत आहेत. मीही त्यांतलीच.

इंदू आमच्याकडे आली अडुसष्ट साली, मराठी टंकलेखक म्हणून. पहिल्या दिवशी तिनं टाइपरायटरचं झाकण काढलं, आत फुंकर मारली, आणि उडालेल्या धुळीकडे बघून म्हणाली, "बाप्पा! याच्यात तं इंग्रजांच्या वेळची धूळ आहे." नंतर माझ्याकडे वळून, "तुमी हेडक्लार्क का वं? नाव काय तुमचं?"

मला तोपर्यंत कचेरीत कोणी 'वं' म्हटलं नव्हतं. मी नाव सांगितलं. दुपारच्या डब्यापर्यंत मी मालतीबाईची मालू झाले होते. साहेबांशीसुद्धा ती याच बोलीत बोलायची. लिहायला बसली की मात्र भाषा अशी स्वच्छ, की मसुद्यात खाडाखोड करायला मला जागा सापडायची नाही. मी एकदा विचारलं, "बोलतेस एक आणि लिहितेस एक, असं कसं?" ती म्हणाली, "घरचं लुगडं येगळं, लग्नाचं येगळं. नेसणारी तं एकच आहे ना?"

ती मूळची कळमेश्वरकडच्या एका खेड्यातली. वडील लवकर गेले. मामा इतवारीत भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून भांड्यांवर नावं घालायचा. छिन्नी आणि छोटी हातोडी, टकटक करत एकेक अक्षर. मामाची नजर अधू झाली तेव्हा सोळा वर्षांची इंदू त्याच्या जागी बसली. हातगाड्या, हमाल, गिऱ्हाइकांची घासाघीस, आणि मधे ही पोरगी मांडीत तांब्याचा गुंड धरून. मजुरी अक्षरामागे असायची, म्हणून गिऱ्हाईक म्हणायचं, मजकूर कमी कर. ती कमी करायची. "पाच शब्दांत माणूस बसवाचा, मालू. अन् चुकलं तं खोडता येत नाई. तांब्यावर रबर चालत नाई." तिचं लेखनाचं शिक्षण ते एवढंच.

त्या दिवसांतला तिनं सांगितलेला एक किस्सा. एक मोठा व्यापारी आईच्या वर्षश्राद्धाला वाटायची भांडी घेऊन आला. मजकूर कागदावर लिहून आणला होता. त्यात त्याचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पेढीचं नाव आणि शेवटी 'मातोश्रींचे स्मरणार्थ'.

"मातोश्रीचं नाव काय?" इंदूनं विचारलं.

तो आपल्याच कागदात शोधायला लागला. सगळे तिला माय म्हणायचे. त्यालाही खरं नाव आठवेना. इंदूनं हातोडी खाली ठेवली. "विचारून या शेटजी. मी थांबतो."

गिऱ्हाईक जाईल म्हणून शेजारी बसलेला मामा तिला डोळे मोठे करून दाखवत होता. व्यापारी खरंच गेला. पार भंडाऱ्याला, आपल्या म्हाताऱ्या मामाकडे. तिसऱ्या दिवशी परत आला आणि म्हणाला, "भागीरथी." मग स्वतःहून म्हणाला, "पेढीचं नाव काढून टाक. तेवढ्या जागेत भागीरथी मोठं घाल."

ही गोष्ट सांगताना इंदू नेहमी उठून उभी राहायची. कचेरीतल्या टेबलावर बोटानं टकटक करून दाखवायची. पस्तिशीची बाई, पण गोष्ट सांगताना तिचे पाय जमिनीवर ठरत नसत.

भांड्यांवर नावं घालायचं यंत्र आल्यावर हे काम सुटलं. मग ती बालवाडीत लागली. तिथं ती गोष्ट सांगायची आणि शेवट पोरांना विचारायची. एकानं सांगितलेला शेवट दुसऱ्याला पटायचा नाही, भांडणं व्हायची, शाळा सुटली तरी पोरं घरी जायची नाहीत. पालकांनी तक्रार केली. नंतर दूध केंद्रावर बाटल्या मोजायचं काम केलं. ते बरं चाललं होतं, पण ती गिऱ्हाइकांशी बोलत बसायची आणि रांग वाढत जायची. मग एका विवाह मंडळात मुलामुलींची माहिती लिहून द्यायला लागली. तिथून तीन महिन्यांत काढलं. एका मुलाच्या माहितीत तिनं लिहिलं होतं, 'मुलगा शांत, आईसमोर फारच शांत.'

"खोटं होतं का?" मी विचारलं.

"आईनंच सांगितलं होतं मले. फक्त तिले वाटलं, ही तारीफ आहे."

अशी फिरत फिरत, टायपिंगची परीक्षा देऊन, ती आमच्याकडे पोचली. पक्की नोकरी, निवृत्तिवेतन, रजा. महाल भागात एका खोलीत ती आणि तिची माय राहायच्या, धाकटा भाऊ शिकत होता. घरात मिळवणारी ती एकटी. तिच्या मायनं तर नेमणुकीचा कागद देवाजवळ ठेवला होता.

इंदूची सवय म्हणजे एकच शब्द: "मंग?" कोणी काही सांगायला लागलं की ती हातातलं काम थांबवायची, अंबाड्यातली पेन्सिल काढायची आणि म्हणायची, "मंग?" त्या शब्दात काय होतं कोण जाणे, माणूस पुढे बोलतच राहायचा. आमचा शिपाई जंगलू वर्षानुवर्षं 'हो जी' आणि 'नाही जी' यापलीकडे बोलला नव्हता. इंदूनं त्याच्याकडून त्याच्या सासऱ्याच्या दोन बैलांची अख्खी कथा काढून घेतली. रेकॉर्डकीपर चौधरी म्हणायचे, "या बाईले पोलिसात घ्याले पाहिजे होतं."

दुपारी ती पाच मिनिटांत उभ्यानंच भाकरी खायची आणि उरलेला अर्धा तास टाइपरायटरवर बसायची. सहा महिन्यांनी मला कळलं, की ती गोष्टी लिहिते. पण कशा? कचेरीच्या टिपणीसारख्या! टिपणीच्या कागदाला डावीकडे तिसरा हिस्सा समास सोडलेला असतो, वरिष्ठांनी शेरा मारावा म्हणून. हिच्या गोष्टीलाही तसाच समास. वर 'विषय', खाली परिच्छेदांना अनुक्रमांक, डाव्या कोपऱ्यात टॅग, बाहेरून फायलीचं कव्हर. अशी फाईल सगळ्या शाखेत फिरायची. ज्यानं वाचली त्यानं समासात शेरा मारायचा आणि आद्याक्षरी करायची, हा नियम. चौधरी लिहायचे, 'परिच्छेद ४ मधील म्हातारी आवडली.' जमाखर्चवाला लिहायचा, 'चर्चा करावी.' सगळ्यात शेवटी फाईल माझ्याकडे.

"अशी काहून लिहितेस?" मीही तिच्याच बोलीत विचारलं. तिची संगत लागली की जीभ तशीच वळायची.

"मले येगळी पद्धत येत नाई, मालू. अन् सांग, असा समास कोणत्या लेखकाले भेटते? लोक वाचतात अन् तिथंच लिहून देतात, इथं कंटाळा आला."

कागद कोणाचा, टाइपरायटर कोणाचा, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. वाचायची उत्सुकता मलाच जास्त होती. एका रविवारच्या पुरवणीत तिच्या दोन गोष्टी छापून आल्या होत्या आणि आम्ही कचेरीत पेढे खाल्ले होते. चौधरींनी तर ते पान आपल्या टेबलाच्या काचेखाली घातलं होतं.

आता मुख्य प्रकरण. साल त्र्याहत्तर, मार्चअखेर.

ज्यांनी सरकारी मार्चअखेर पाहिला नाही त्यांना सांगते: एकतीस तारखेला कोणी माणसात नसतं. फायलींचे ढीग, घामानं चिकटलेले कागद, पंख्याखाली उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड. जंगलू ढीग उचलून साहेबांच्या केबिनमध्ये न्यायचा आणि सही झालेला ढीग जावककडे. त्याच आठवड्यात इंदूनं नवी गोष्ट फिरवली होती. 'विषय: मौजे सावळधरा येथील नाल्यावरील पुलाबाबत.' गोष्ट भन्नाट होती. नाल्याच्या एका काठावर नवरीचं गाव, दुसऱ्या काठावर नवरदेवाचं. पूल व्हावा म्हणून वर्षानुवर्षं अर्ज. दरवर्षी एक अधिकारी येतो, फीत लावून मोजतो, चहा पितो आणि जातो. लग्नाच्या दिवशी नाल्याला पूर. वऱ्हाड एका काठावर, मांडव दुसऱ्या. भटजी या काठावरून मंगलाष्टकं ओरडतात, त्या काठावरून लोक अक्षता पाण्यात टाकतात. शेवटी नवरी शालू गुडघ्यापर्यंत खोचते आणि पाण्यात पाय टाकते. बस. गोष्ट तिथं संपते.

चौधरींनी समासात शेरा मारला: 'प्रकरण वाचले. पुलाची नितांत आवश्यकता आहे. शिफारस.' मी त्याखाली लिहिलं: 'सहमत.' आणि आद्याक्षरी केली. फाईल माझ्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवली. सहीला जायच्या फायलीही तिथंच होत्या.

जंगलूनं सगळा ढीग उचलला.

साहेब फायली वाचत नसत. ते आद्याक्षऱ्या वाचत. माझी आद्याक्षरी दिसली की पुढची सही त्यांची. त्यांनी लिहिलं, 'मान्य. वरिष्ठ कार्यालयास सादर,' आणि ठसठशीत सही ठोकली. जावकवाल्यानं क्रमांक घातला. सावळधऱ्याची नवरी सरकारी पाकिटात बसून वरच्या कचेरीत गेली.

आम्हाला पत्ता नाही. इंदू फाईल शोधत होती. "मालू, पोट्टी हरवली वं माही," असं म्हणत कपाटं धुंडाळत होती. पंधरा दिवसांनी वरून पत्र आलं. ते मी अजूनही पाठ म्हणू शकते. 'उपरोक्त प्रकरण वाचले. पुलाचे काम अद्याप झाले नसल्याचे दिसते. तथापि, प्रकरणाच्या शेवटी नवरी पलीकडे पोचली किंवा कसे, याचा बोध होत नाही. याबाबत स्पष्ट अहवाल सात दिवसांचे आत सादर करावा.'

आवकवाल्यानं ते थेट साहेबांना नेऊन दिलं. घंटा वाजली. मी आत गेले.

"ही नवरी कोण?" साहेबांनी विचारलं.

"सर, ती बोंदरेबाईंच्या गोष्टीतली आहे."

"गोष्ट जावकमध्ये कशी गेली?"

"आपण मान्य केलीत, सर."

"मी तुमची आद्याक्षरी पाहून मान्य केली!"

बोलून गेल्यावर आपण काय कबूल केलं ते त्यांच्या लक्षात आलं, म्हणून ते जास्त चिडले. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या सिव्हिल लाइन्समध्ये पसरली. दुसऱ्या खात्यांतले लोक आमच्या साहेबांना व्हरांड्यात गाठून गंभीर चेहऱ्यानं विचारू लागले, "काय सर, पोचली का?"

संध्याकाळी इंदूच्या हातात ज्ञापन पडलं. सरकारी कागद आणि टाइपरायटर खासगी लेखनासाठी वापरला, शासनाची बदनामी केली. सात दिवसांत लेखी माफी आणि हमीपत्र द्यावं, की नोकरीत असेपर्यंत कथा-लेख काहीही छापायला देणार नाही. नाहीतर कारवाई. मला ज्ञापन मिळालं नाही. मला दिलं असतं, तर साहेबांना स्वतःलाही द्यावं लागलं असतं.

मी व्यवहारी बाई आहे. त्याच दिवशी बसून मी तिच्यासाठी माफीनामा तयार केला. उत्तम मसुदा होता. कोणाही साहेबाचा राग उतरेल असा. तिला म्हटलं, "सही कर. दोन वर्षं गप्प राहा. साहेबांची बदली होईल, मग लिही."

"हमीपत्रात बदलीचं लिहिलं नाई, मालू. नोकरीत असेपर्यंत लिहिलं आहे. म्हणजे अठ्ठावन्न वर्षं होईतो."

"आणि नोकरी गेली तर? माय आहे, भाऊ आहे."

तिनं मसुदा घडी घालून पिशवीत टाकला. दोन दिवस तिनं दुपारी टाइपरायटरला हात लावला नाही. अर्धा तास खिडकीशी उभी राहायची. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. माय तांदूळ निवडत होती. माझ्यासमोरच तिनं लेकीला झापलं, "नोकरी सोडशील तं खाशील का वं? कागद?"

"आताही कागदच खाऊन राहिली ना माय. फक्त सरकारी आहे, म्हणून पचत नाई."

"हसू नको! मालतीबाई, तुमी सांगा हिले."

मी सांगितलं. सगळे मुद्दे क्रमवार सांगितले. इंदू ऐकत होती. मग म्हणाली, "तुह्या सगळ्या गोष्टी बरोबर आहेत. मले फक्त एक सांग. माह्या गोष्टी चांगल्या आहेत, का तुमी सगळे माहे दोस्त आहा म्हणून चांगल्या आहेत?"

मला वाङ्मयातलं काय कळतं? मी खरं तेच सांगितलं, "मला माहीत नाही."

"मलेही नाई माहीत. तेच तं."

सहाव्या दिवशी भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, एक माणूस सायकलवरून आमच्या कचेरीत आला. डोक्याला दुपट्टा, शर्ट घामानं ओला. तो आधी दोन ग्लास पाणी प्यायला. मग विचारलं, "बोंदरेबाई कोण?"

इंदू पुढे झाली. तो वरच्या कचेरीतला कारकून निघाला. नाव लोखंडे. नवरीचा अहवाल मागणारं पत्र त्यानंच तयार केलं होतं.

"मले पहिल्याच पानावर समजलं, की ही गोष्ट आहे," तो म्हणाला. "परत पाठवणार होतो. पण वाचतच गेलो बाई. सेक्शनमधे मोठ्यानं वाचली. घरी नेऊन बायकोले वाचून दाखवली. तिनं मले जेवू नाई दिलं. म्हणे, आधी सांगा, पोचली का नाई. मले काय माहीत? मंग मी म्हटलं, फाईल बंद कराची तं शेवट पायजे, असं लिहून पाठवू. साहेबानं सही केली. मले काय ठाऊक इतकं रामायण होईल! माह्यामुळं झालं ना हे?"

"हाव, तुमच्यामुळंच झालं," चौधरी म्हणाले.

इंदूनं चौधरींना हातानंच गप्प केलं. ती त्या माणसाकडे टक लावून बघत होती. तिनं पेन्सिल अंबाड्यातून काढली. "मंग? बायको काय म्हणाली?"

"ती रोज विचारून राहिली. म्हणूनच आलो. पत्राचं जाऊ द्या, साहेबालेही कोण पुसतं. मले सांगा. नवरी पलीकडं गेली का?"

"तुमाले काय वाटते?"

तो विचारात पडला. खरोखर विचारात पडला, त्या दोन काठांच्या मधे कुठंतरी. "मले वाटते, गेली. पण शालू वाहून गेला असंल."

"बायकोले काय वाटते?"

"ती म्हणते, नवरदेव लेकाचा काठावर उभा काहून आहे? त्यानं पाण्यातून याचं होतं."

इंदू हसायला लागली. इतकी हसली, की टेबलाला धरून खाली बसली, आणि हसता हसता म्हणाली, "मालू, ऐकलं का? ऐकलं का वं? त्यानं याचं होतं! हे मले सुचलंच नाई!" लोखंडे आधी गोंधळला, मग तोही हसला. जाताना त्यानं दारातून वळून विचारलं, "बाई, दुसरी आहे का एखादी? नेऊन देतो. वाचून आणून देईन."

तिनं खणातून एक फाईल काढून त्याला दिली. त्यानं ती पोटाशी शर्टाच्या आत खोचली, कारण बाहेर धुळीची वावटळ उठली होती, आणि सायकलवर टांग टाकली.

सातव्या दिवशी माझ्या टेबलावर दोन कागद आले. एक माझाच माफीनामा, तिनं सुबक टाइप करून परत दिलेला. त्याला चिठ्ठी टाचली होती, 'मसुदा चांगला आहे, पण यात मी नाही. दुसऱ्या कोणाला लागेल तर ठेवावा.' आणि दुसरा राजीनामा. तीन ओळींचा, एक महिन्याच्या नोटिशीसह, डावीकडे शेऱ्यासाठी समास सोडून. मी आद्याक्षरी न करताच तो आत पाठवला. त्यामुळे साहेबांना सहीला आलेला कागद प्रथमच स्वतः वाचावा लागला. घंटा वाजायला बराच वेळ लागला.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. पहिली दोन वर्षं तिचे हाल झाले. भावानं शिकता शिकता शिकवण्या घेतल्या. इंदूनं मिळेल ते लिहिलं: सिनेमाच्या पडद्यावर दाखवायच्या जाहिराती, लग्नपत्रिका, संत्र्यांच्या बागांची माहितीपुस्तिका, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या दोन विरोधी उमेदवारांची भाषणं. दोघांनाही एकमेकांचं कळलं नाही आणि दोघंही पडले. मग हळूहळू पुरवण्या, मासिकं, रेडिओ. कोणाच्याही पगारपत्रकावर तिचं नाव पुन्हा कधी चढलं नाही. पुलाची गोष्ट तिनं बदलली नाही. नवरदेवाकडून तीच गोष्ट नव्यानं लिहिली आणि दोन्ही एकाच अंकात छापून आणल्या. बक्षीस वगैरे काही मिळालं नाही. माणसांनी वाचल्या.

आज ती सीताबर्डीवर भेटली की खांद्याला पिशवी असते, कुठल्या तरी गावाहून आलेली किंवा कुठल्या तरी गावाला निघालेली. पण डोळे मिटले की मला दिसते ती नोकरीच्या शेवटच्या दिवशीची इंदू.

मे महिना होता. साडेपाच वाजून गेले होते, तरी फाटकाबाहेरचा रस्ता तापलेला. तिनं निरोपाचा चहा ठेवू दिला नाही, हारही नाही. टाइपरायटरवर झाकण घातलं, सगळ्यांना "येतो बाप्पा" म्हणाली आणि सायकल काढली. पदर कानांवरून बांधलेला. मी खिडकीत उभी होते. माझ्या मनात आकडे चालले होते: खोलीचं भाडं, भावाची फी, किराणा. फाटकाशी जंगलू स्टुलावर बसला होता. त्याची लेक नुकतीच सासरहून भांडून परत आली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी विचारत नव्हतं. इंदूनं सायकल थांबवली. काहीतरी विचारलं. जंगलू उठून उभा राहिला आणि बोलायला लागला. इंदूनं सायकलच्या सीटवर कागद ठेवला, पेन्सिल काढली. मागून एक जीप बाहेर पडायला बघत होती, हॉर्नवर हॉर्न देत होती. तिनं मागे न बघता सायकल जराशी बाजूला ओढली आणि लिहीत राहिली. मला ऐकू येत नव्हतं, पण तिचे ओठ हलले ते मी ओळखले. आत साहेबांची घंटा वाजली तेव्हा मला खिडकी सोडावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौधरी माझ्या टेबलाशी आले. जमाखर्चवाला त्याच महिनाअखेरीला निवृत्त होत होता आणि समारंभाची वर्गणी काढायची होती. त्यांनी कागद पुढे केला. हार, शाल, नारळ, चिवडा, चहा.

"मानपत्र?" मी विचारलं.

"ते इंदूले सांगू ना. जंगलूसंग निरोप धाडतो. संध्याकाळपर्यंत लिहून देईल ती."

"काय देणार तिला?"

"द्याचं काय, बाई? आपली इंदूच तं आहे."

"कालपर्यंत होती," मी म्हटलं.

मी पेन उघडलं. चहाच्या खाली एक ओळ वाढवली, 'मानपत्र-लेखन, मानधन', आणि समोर आकडा घातला. चौधरींनी आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. मी माझी वर्गणी टेबलावर ठेवली, नावापुढे सही केली, आणि घंटा वाजवून जंगलूला बोलावलं.

"हा कागद सगळ्यांकडे फिरव," मी म्हटलं. "पण पहिल्यांदा साहेबांच्या केबिनमध्ये ने. आणि सांग, वाचून सही करा."